शांततेचा फुलप्रूफ प्लॅन

हे लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. कारण मी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, कुठल्याही क्लासला न जाता सगळं स्वतः शिकलोय, आणि आवाज, स्पीकर, हेडफोन या विषयात आपला हात धरणारा कोणी नाही! ही इज्जत आहे माझी. पण पोटात राहत नाहीये. तर ऐका.

आमचा एक मित्र आहे, चष्मीस. कुरिअर ऑफिसात काम करतो. इतकी वर्षं तो दादा-वहिनीच्या हॉलमध्ये सोफ्यावर झोपायचा. डोक्याशी टीव्ही, पायाशी वॉशिंग मशीन. कपडे पिळायला लागले की हा झोपेत गदागदा हलायचा. शेवटी त्याला एक खोली मिळाली. पहिला मजला, दोन खिडक्या, स्वतःचं बाथरूम. राजाच झाला!

फक्त खाली घरमालकीणकाकू राहायच्या. काकूंची अट एकच, आवाज नको. आधीचे भाडेकरू त्यांनी याच कारणावरून झाडून बाहेर काढले होते. चष्मीसला त्यांनी दोन महिने बघू म्हणून ठेवलेलं, आणि त्या रविवारी काय ते सांगणार होत्या.

आणि आम्ही नेमकं आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी त्याच्या खोलीवर जमायचं ठरवलं. मी, चष्मीस आणि पैलवान. पैलवान म्हणजे काडी आहे, वारा आला की धरून ठेवावं लागतं, म्हणून पैलवान. पिक्चर, मग गेम, मग गाणी. उन्हात बाहेर जाऊन करणार काय?

"पुढच्या शनिवारी बघू ना," चष्मीस रडवेला होऊन म्हणाला. "उद्या काकू सांगणारेत रे! परत सोफ्यावर जायचं नाहीये मला!"

"अरे, मी आहे ना!" मी म्हणालो.

(हे वाक्य मी आयुष्यात जिथे जिथे म्हणालोय, तिथे तिथे नंतर कोणीतरी फरशी पुसलीये.)

प्लॅन साधा होता. टीव्हीला एक छोटी डबी लावली, डबीतून तीन हेडफोन. मोठे, कान पूर्ण झाकणारे, दुकानातले सगळ्यात भारी! टीव्हीचा आवाज बंद. मी स्वतः जिन्यात जाऊन कान देऊन आलो. चिडीचूप! मुंगी शिंकली असती तर ऐकू आली असती.

"बघ," मी म्हणालो, "काकूंना वाटेल घरात कोणी नाहीच!"

खिडक्या लावल्या, पडदे ओढले, कडी घातली. झालो चालू.

आता एक बारीकशी गोष्ट. जिन्यात जाऊन मी तपासलं ते टीव्हीला. आम्हाला नाही! कानात ढणाढणा वाजत असलं की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. मग तो बोलत नाही, बोंबलतो. आणि बाकीच्या दोघांच्या कानातही ढणाढणाच, त्यामुळे तेही खूश.

पिक्चर विनोदी होता. म्हणजे खाली काकूंना काय ऐकू येत होतं? अर्धा तास स्मशानशांतता. मग अचानक तीन माणसं राक्षसासारखी हसतात. परत शांतता. परत राक्षस!

मग आम्ही बॉक्सिंगचा गेम लावला. पैलवान विरुद्ध चष्मीस, मी कोच.

"नाकावर मार!" मी ओरडलो. "उठू देऊ नकोस त्याला!"

"नको रे, मेलो!" चष्मीस.

"चष्मा काढ त्याचा आणि मार!"

हे मी खरंच म्हणालो. चष्मा हेडफोनमध्ये अडकत होता म्हणून म्हणालो! चष्म्याशिवाय त्याला काही दिसेना, त्यामुळे तो सपाटून हरला आणि डोळे चोळत बसला. मग पैलवानाने गाणं लावलं. विरहाचं. आणि सोबत स्वतः गायला लागला. पैलवानाचं गाणं म्हणजे दारात शेपूट अडकलेलं मांजर!

दार वाजत होतं म्हणे. हाका मारत होते म्हणे. आमच्या कानात तबला चालू होता.

मी तेवढ्यात चष्मीसची मान प्रेमाने काखेत धरली आणि गर्जना केली, "काय शांतता आहे, बघ! म्हातारीला पत्ता तरी लागला का?"

पैलवानाचा सूर मध्येच तुटला. तो माझ्या मागे बघत होता. मी वळलो.

दार बिजागऱ्यांसकट भिंतीला टेकून उभं होतं. शेजारी हातात पटाशी घेऊन समोरचा सुतार. आणि पुढे काकू, हातात लाटणं!

मी हेडफोन काढला.

"सोड त्याला!" काकू कडाडल्या.

"काकू, अहो, आम्ही गेम..."

"गेम? नाकावर मार म्हणे! चष्मा काढून मार म्हणे! आणि हा वाळका इथे रडतोय, त्यालाही मारलंत?"

"मी गात होतो," पैलवान पुटपुटला.

"गप्प बस, बाळा, घाबरू नकोस," काकू म्हणाल्या.

मी चष्मीसकडे बघितलं. बिनचष्म्याचा, डोळे लाल, केस विस्कटलेले. म्हटलं, आता हा बोलेल. वीस वर्षांची मैत्री आहे!

चष्मीसने एकदा काकूंकडे बघितलं. एकदा खोलीकडे. दोन खिडक्या, स्वतःचं बाथरूम.

"काकू," तो नाक ओढत म्हणाला, "हा नेहमीच असं करतो."

सुतार माझ्याकडे असा बघत होता, जणू मी फळी आहे.

"कुठे जायचं नाहीस तू," काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "याच्या तावडीतून सुटेपर्यंत इथेच राहायचं. आणि तू रे! फाटकाच्या आत पाय टाकलास तर बघ!"

दार परत बसवायला सुताराला मीच हात लावला. मग काकूंच्या देखरेखीखाली जिना उतरलो.

संध्याकाळी मी फाटकाबाहेर घुटमळत होतो, तेव्हा चष्मीस आला. मान खाली, चोरासारखा.

"चिडलास?"

"मी? छे! तू राहिलास ना खोलीत? प्लॅन यशस्वी!"

"तेच सांगायचंय," तो हळूच म्हणाला. "काकू आज सारख्या विचारतायत, परत त्रास देतो का म्हणून. त्रास थांबला असं वाटलं, तर म्हणतील आता जा दादाकडे. तू जरा... अधूनमधून येशील?"

म्हणून मी त्याला शब्द दिलाय. दर शनिवारी, फाटकाच्या बाहेर, काकू खिडकीत दिसल्या की त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा! आणि खरं सांगू? आजवर मित्रांना दिलेल्या सगळ्या शब्दांत हा एकच असा आहे, जो मी अगदी मनापासून पाळणार आहे.