सातवी मालमत्ता

वकीलसाहेबांनी त्या दुपारी रेकॉर्डरवर दोन मजकूर सांगितले आणि मध्ये पुरेसं थांबले नाहीत, एवढीच त्यांची चूक. पहिला मजकूर एका फरार ठेकेदाराचा होता. लोकांना टोपी घालून त्यानं परदेशात बंगला, गाड्या, बोट असं बरंच घेतलं होतं. तो ते विकून मोकळा होण्याआधी तिथल्या कोर्टाकडून गोठवून घ्यायचं होतं. दुसरा मजकूर त्याच देशात तीस वर्षं राहणाऱ्या स्वतःच्या धाकट्या बहिणीला पत्र. आईचं शिलाई मशीन लग्नानंतर तिनं नेलं होतं. चाक अजून कुरकुरतं का, असं त्यांनी विचारलं होतं, आणि ते कुणाला देऊन टाकू नकोस, असंही बजावलं होतं.

टायपिस्टबाईंनी सगळं एका दमात उतरवलं. विकू नये, हलवू नये अशा मालमत्तेच्या यादीत बोटीच्या खाली सातवी नोंद पडली: जुनं शिलाई मशीन, एक. पुढे बहिणीचा पत्ता. साहेबांनी सवयीनं न वाचताच सही ठोकली.

परदेशातल्या कोर्टानं सातही नोंदींवर हुकूम काढला. बेलिफ बहिणीच्या दारात आला तेव्हा ती नातीच्या फ्रॉकला झालर लावत होती. त्यानं नम्रपणे मशीनला सील लावलं. फ्रॉक सुईखालीच अडकला.

तिनं लगेच फोन केला. "दादा, मशीन हवं होतं तर मागायचंस. कोर्टाचा माणूस कशाला पाठवलास?"

साहेबांनी फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. दुरुस्तीचा अर्ज गेला, तर ठेकेदाराच्या वकिलाला आयतंच कोलीत मिळालं. एक नोंद खोटी, म्हणजे अख्खी यादी खोटी, हुकूमच रद्द करा, असं तो म्हणू लागला. मग मशीन नक्की कुणाचं, यावर कोर्टानं बहिणीचं प्रतिज्ञापत्र मागवलं.

तिनं चार पानं लिहिली. आई आमच्या शाळेचे कपडे शिवायची, दादा चाक फिरवायचा, मी कापड धरायचे. एकदा सुई माझ्या बोटात शिरली आणि रडला मात्र दादा. मशीन दोघांचं आहे. हे तिसऱ्या पानावर होतं. ते वाचल्यावर अर्धा तास कुणाला आत सोडू नका, असं साहेबांनी टायपिस्टबाईंना सांगितलं.

दोघांचं म्हटल्यावर कोर्टानं दोघांनाही हजर राहायला सांगितलं. अकरा वर्षं ज्यांना बहिणीकडे जायला सवड झाली नव्हती, त्यांनी दोन दिवसांत तिकीट काढलं.

न्यायाधीशबाईंनी ठेकेदाराचा बंगला, गाड्या, बोट सगळं गोठवलेलंच ठेवलं. मशीनचं सील आजच काढून टाकू का, असं विचारलं. साहेब हो म्हणायला उठणार, तोच बहीण उभी राहिली.

"एवढी घाई नाही. पुढची तारीख मिळाली तर बरं होईल."

कारण काय, असं बाईंनी विचारलं.

"तारीख असल्याशिवाय हा येत नाही."

न्यायाधीशबाईंनी डायरी पुढे ओढली आणि कोणता महिना सोयीचा, हे बहिणीलाच विचारलं.