टॉवरकडे तोंड

मेश्रामबाबूंना कुणी 'जय भीम' म्हणो की 'राम राम', उत्तर एकच: "चित्र कसं आहे?" मयतीला आले तरी आधी नजर छपरावरच्या अँटेनाकडे. मध्य प्रदेशातल्या आमच्या पांढुर्ण्यात टीव्हीचा छोटा टॉवर उभा राहिला आणि तो सांभाळायला ते आले, तेव्हापासून माणसाची तब्येत, संत्र्याचा बहार, पोरीचं लग्न, सगळी विचारपूस या एका प्रश्नात मावली.

टॉवरचं काम एवढंच, दिल्लीहून येईल ते झेलायचं आणि गावावर टाकायचं. आम्ही मराठीत भांडतो, मराठीत लेकरं झोपवतो, आणि पडद्यावर मराठीचा शब्द नाही. हा अन्याय आहे, असं मी तेव्हा पत्रकांतून लिहीत होतो. आजही म्हणतो.

नागपूरच्या टॉवरवर मराठी लागायचं. म्हणून निम्म्या पांढुर्ण्यानं अँटेना नागपूरकडे फिरवले. एवढ्या लांबून दिसायच्या फक्त मुंग्या. पण मुंग्या मराठी होत्या.

मेश्रामबाबू सकाळी सायकलवर फिरत. तोंड फिरवलेला अँटेना दिसला की न विचारता शिडी लावत. घरची बाई खालून ओरडली की वरूनच म्हणत, "माय, मी पाठवून राहिलो अन् तू पाठ करून राहिली." माझ्या छतावर तर त्यांचा रतीबच होता. ते फिरवून गेले की मी परत फिरवायचो.

शेवटी आमच्या मराठी मंडळानं ठरवलं, दिल्लीला ऐकू जायचं तर टॉवर एक संध्याकाळ बंद राहिला पाहिजे. मी मेश्रामबाबूंना गाठलं. यंत्राच्या खोलीबाहेर चपला काढून ते आत स्टुलावर बसले होते. माझं भाषण त्यांनी मन लावून ऐकलं.

"मराठी पाह्यजेच," ते म्हणाले. "पत्रकात माझंबी नाव टाका."

"मग रविवारी बंद ठेवा."

"ते नाही होत."

नोकरीला भिता काय, असं मी तोंडावर विचारलं. नोकरी गेली तर बागेत संत्री तोडायला जाईन म्हणाले, पण वेळ झाली की टॉवर सुरू झालाच पाहिजे. काहून, ते सांगेनात. उलट मलाच विचारलं, "तुमच्या घरी चित्र कसं आहे?"

पुढच्या पत्रकात मी त्यांना 'दिल्लीचा हुजऱ्या' म्हटलं. रविवारी आम्हीच टॉवरची वीज तोडू, असं जाहीर केलं आणि पाठिंबा मागायला सौंसरला गेलो.

सौंसरपर्यंत आमचा टॉवर पोचत नाही. नागपूर मात्र बऱ्यापैकी दिसतं, मराठीसकट. त्यामुळे तिथले सगळे अँटेना नागपूरकडे. फक्त बौद्धवाड्यातला एक पांढुर्ण्याकडे तोंड करून उभा. असा उफराटा माणूस कोण, ते बघायला मी आत शिरलो. एक म्हातारी टीव्हीपुढे बसली होती, पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी म्हटलं, आजी, अँटेना फिरवून देतो, मराठी दिसेल.

"हात नको लावू, बापू. थांब जरासा."

संध्याकाळी टॉवर सुरू व्हायची वेळ झाली. मुंग्यांची सरसर किंचित बसली, त्यांच्यामागे सावलीसारखं काही हललं. म्हातारी गुडघे चोळत उठली.

"झालं. लेक पोचला ड्युटीवर. पांढुर्ण्याले टॉवरवर आहे न तो, एकटाच राह्यते. हे हललं म्हणजे तो बरा आहे. आता मी भाकर टाकाले मोकळी."

पाठिंबा न मागताच मी परतलो.

वीज आम्ही तोडली नाही. मंडळात मला फितूर म्हणाले, म्हणोत. मराठीची मागणी नव्या पत्रकात ठळक होतीच. खाली एक ओळ मी वाढवली: टॉवरची ताकद सौंसरपर्यंत वाढवा.

ते पत्रक हातात धरून मेश्रामबाबू माझ्या दारात आले.

"सौंसरले गेले होते म्हणे," ते म्हणाले. "चित्र कसं आहे तिथं?"

"गुडघे दुखून राहिले," मी म्हणालो. "बाकी बरं आहे."

त्यांनी सायकल वळवली. मग पत्रकाची घडी करून खिशात घातली आणि निघाले. माझा अँटेना नागपूरकडेच होता. त्या दिवशी त्यांनी वर पाहिलं नाही.