बगळाछाप जोड्यांच्या दोन गाद्या

श्रीचरणी मस्तक ठेवोन चरणांचेच वर्तमान लिहितो, ते सज्जनांनी सावध चित्ते परिसावे. शके अठराशे सतरा, जर्मन देशी, डोंगराचे पोटी, नदीचे काठी एक कसबा होता. त्याचे नाव लिहिणारास ठाऊक आहे, परंतु पुढे नावावरोनच सारा कज्जा माजला, म्हणोन लिहीत नाही. तेथे गोत्लोब हायनेके नामे जोडे शिवणारे राहत असत. त्यांचे कुटुंबाचे पाय बहुत दुखत आणि बाजारास जाऊन येतो म्हटले तरी वाटेत चार ओट्यांवर बसावे लागे. तेव्हा गोत्लोबबाबांनी मनी मसलत केली की, जोडा देखणा करावा आणि पाय त्यात कोंबावा ही रीत उलटी होय, आधी पाय पाहावा आणि मग जोडा करावा. मग त्यांनी लाकडाचे रुंद पाय कोरिले, ज्यांस कलबूत म्हणतात, आणि त्यांवर चामडे ओढोन जोडा शिवला, आणि तो घालोन बाई बाजारास गेल्या आणि परतल्या, कोठे बसल्या नाहीत. हे वर्तमान पंचक्रोशीत पसरले, आणि सुइणी आल्या, टपालवाले आले, खाणावळीतले वाढपी आले, जितके म्हणोन उभ्याने पोट भरणारे तितके आले. मग खोलीचे दुकान जाहले आणि दुकानाचा कारखाना जाहला आणि त्यावर धुराडे चढले. बाबांनी तळव्यावर बगळ्याचा शिक्का चालू केला, कारण बगळा दिवसभर पाण्यात उभा असतो आणि त्याची तक्रार कोणी ऐकिली नाही, ऐसे त्यांचे म्हणणे होते.

बाबांस दोन पुत्र. थोरले अर्विनराव, धाकटे लोथारराव. थोरल्यांचा हात चामड्यावर बसलेला आणि जिभेवर शब्द क्वचित. धाकटे बोलके, देशोदेशीचे व्यापारी त्यांस नावाने ओळखीत. अर्विनरावांनी कारखान्यातल्याच शिवणकरीण हेडविगबाई यांजशी लग्न केले. बाई धीट आणि हिशेबी बोलणाऱ्या, आणि बाबांस त्यांचा फार लोभ. दौलत ऐसी सुखात चालली असता त्या देशाचे राजकारणात विष कालवले गेले, आणि सरकारने शेजारच्या सर्व मुलुखांवर फौजा घातल्या, आणि कारखान्यास हुकूम आला की सुइणींचे जोडे बंद करावे, शिपायांचे बूट करावे. मग परमुलुखांतल्या बाया धरोन आणिल्या आणि त्यांस बिनमजुरीने यंत्रांवर बसविले. गोत्लोबबाबांनी मान खाली घातली, ती वर केली नाही. लोथारराव म्हणाले की हुकमापुढे आपण काय करणार. अर्विनरावांस वाटले की काही बोलावे, परंतु काय बोलावे हे सुचेपर्यंत त्यांसच फौजेत बोलावणे आले, आणि ते आपल्याच कारखान्याचे बूट घालोन उत्तरेच्या बर्फाळ मुलुखी चालते जाहले. तेथे फौज मोडली. अर्विनराव कैद जाहले आणि बहुत वर्षे परक्या रानात लाकडे तोडीत राहिले, बिनमजुरीने. तेव्हा कारखान्यातल्या त्या बाया त्यांस आठवत. डाव्या पायाची बोटे थंडीने गेली. घरचे वर्तमान एक अक्षर कळले नाही.

शके अठराशे बहात्तर साली त्यांस सोडिले आणि सरहद्दीवरच्या एका छावणीत आणोन उतरविले. सरहद्द म्हटल्यावर अर्विनरावांनी विचारिले की, कोणत्या देशाची. कारकून म्हणाला, "आपल्याच." तेव्हा ते म्हणाले, "आपल्याच देशाची आणि दुसऱ्या कोणत्या?" कारकून म्हणाला, "आपल्याच. अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरे. दोन्हीकडे आपलीच माणसे." अर्विनरावांनी मान हालविली, परंतु समजले काहीच नाही. मग त्यांस उतरलेल्या सर्व कैद्यांप्रमाणे एक जोडा मिळाला. उलटोन पाहतात तो तळव्यावर बगळा. त्यांच्या डोळ्यांस पाणी आले आणि त्यांनी विचारिले, हा जोडा कोठोन आला. वाटणारा म्हणाला पश्चिमेकडोन, हायनेके यांचे कारखान्यातून. शेजारी एक कैदी होता, तो म्हणाला की हायनेके यांचा कारखाना तर पूर्वेकडे आहे, माझी बहीण तेथेच कामास जाते. दोघांची बाचाबाची जाहली. अर्विनराव हायनेके खाटेवर बसोन दोघांचे ऐकत राहिले. आपलेच घर कोणीकडे, हे परक्यांचे भांडणातून कळते की काय, ऐसे वाटोन जोडा मांडीवर धरोन बसले.

दुसरे दिवशी, सुटलेल्या कैद्यांची यादी वाचोन, लोथारराव मोटारीतून आले. अंगाने सुटले होते, डोईवर टक्कल पडले होते. त्यांनी भावास मिठी मारली आणि बहुत रडले. मग म्हणाले, "दादा, युद्ध संपले तेव्हा परकी फौज आपले गाव सोडोन निघाली आणि दुसरी परकी फौज येणार होती. रात्र थोडी होती. मी यंत्रे आणि बाबांची कलबुते लॉऱ्यांत भरली आणि पश्चिमेस आलो. वहिनींस म्हणालो, चला. त्या आल्या नाहीत. मी येथे नव्याने कारखाना उभा केला. बगळा आता जगभर चालतो. आणि तिकडे त्यांनीही बगळा चालविला आहे. पुढल्या आठवड्यात न्यायसभा आहे. आपण थोरले. आपण एवढेच सांगा की खरा बगळा माझा." अर्विनराव म्हणाले, "बाबा कोठे आहेत?" लोथाररावांनी खाली पाहिले. इतक्यात दाराशी हेडविगबाई उभ्या राहिल्या. आगगाडीने आल्या होत्या, पूर्वेकडील सरकारचा परवाना हातात होता. त्यांनी रडणे केले नाही. जवळ येऊन नवऱ्याचा चेहरा दोन्ही हातांनी धरोन पाहिला, आणि म्हणाल्या, "बाबा गेले. लॉऱ्या गेल्या त्या थंडीतच गेले. ते अंथरुणास खिळले होते म्हणोन मी राहिले. आणि आपण परत आलात तर जुन्याच दारी याल, तेथे कुलूप नसावे, म्हणोन राहिले. कारखाना आता सरकारचा आहे. मी शिवणखाते पाहते. यंत्रे नव्हती, बायांनी हाताने सुरुवात केली. बगळा आमचाही आहे." लोथारराव म्हणाले, "वहिनी, तो सरकारने लुटलेला आहे." बाई म्हणाल्या, "भावजी, लॉऱ्यांत काय होते?" मग दोघेही अर्विनरावांकडे पाहू लागले.

अर्विनराव उठले आणि मोटारीत जाऊन बसले. मग उतरोन बाईंपाशी येऊन उभे राहिले. मग पुनः मोटारीत जाऊन बसले, आणि पुनः उतरले. लोकांस वाटले की यांस भ्रम जाहला. लोथारराव हात धरू लागले, तो बाईंनी त्यांस थांबविले आणि नवऱ्यास म्हणाल्या, "माझा परवाना संध्याकाळपर्यंतचा आहे. न्यायसभा यांचेकडेच बसते, तेव्हा यांचेबरोबर जा. तेथे जे खरे वाटेल ते सांगा. मग घरी यायचे तर या." आणि त्या गेल्या. गाडी दिसेनाशी जाहली तरी अर्विनराव रुळांकडे पाहत होते.

पश्चिमेकडील कारखान्यात त्यांचे मोठे स्वागत जाहले. कारागीर उठोन उभे राहिले आणि धनी म्हणोन टोप्या काढिल्या. बाबांची कलबुते काचेच्या कपाटात मांडली होती, त्यांवर हात फिरवावा ऐसे अर्विनरावांस वाटले, तो कपाटास कुलूप. लोथाररावांनी किल्ली मागविली, परंतु ती आणण्यास गेलेला मनुष्य दुसऱ्या कामात गुंतला. मग जेवताना लोथारराव म्हणाले, "दादा, निम्मी दौलत आपली. एक बंगला बांधोन देतो. वहिनी मागाहून येतील." अर्विनराव म्हणाले, "ती येईल?" लोथारराव म्हणाले, "येतील." मग म्हणाले, "ठाऊक नाही."

न्यायसभा भरली. पूर्वेकडील वकील आणि पश्चिमेकडील वकील दोन हात अंतरावर बसले आणि दोघांनी मेजावर एकेक जोडा ठेविला. दोन्ही जोड्यांवर बगळा, आणि दोन्ही बगळे एकाच पायावर उभे. न्यायाधीशांनी अर्विनरावांस विचारिले, "हायनेके यांचे खरे घराणे कोठे आहे?" अर्विनरावांनी दोन्ही जोडे हाती घेतले, शिवण पाहिली, आत बोटे घालोन पाहिली. ते म्हणाले, "लाकडी पाय येथे आहेत. ते पाय ज्यांनी कोरले ते तेथे पुरले आहेत. शिवणाऱ्या बाया तेथे आहेत, शिवणारी यंत्रे येथे आहेत. मी गेलो तेव्हा घर एक होते. एकाचे दोन मी केले नाहीत. मी नव्हतोच. ज्यांनी केले त्यांस विचारावे." न्यायाधीश म्हणाले, "आपण हो किंवा नाही ऐसे सांगावे." अर्विनरावांनी बहुत विचार केला आणि म्हणाले, "मला कळत नाही." तेव्हा साक्षीदाराचे चित्त ठिकाणी नाही ऐसे लिहोन घेतले आणि बगळा लोथाररावांस दिला. लोथाररावांचे वकिलांनी हात मिळविले, परंतु लोथारराव जागचे उठले नाहीत. भावाकडे पाहोन म्हणाले, "मी जिंकलो ना, दादा?" अर्विनराव म्हणाले, "वाटते तसे."

मग अर्विनराव पूर्वेस गेले. लोथाररावांनी सरहद्दीपर्यंत पोहोचविले, आणि तेथून पुढे ते पायीच गेले. हेडविगबाई शिवणखात्यात होत्या, तेथे शिक्क्यांची पेटी रिकामी करणे चालले होते, कारण बगळा आता मारता येत नव्हता. बाईंनी नवऱ्यास पाहिले आणि म्हणाल्या, "एक शब्द बोलला असतात तर या बायांचे नाव राहिले असते." अर्विनराव म्हणाले, "कोणता शब्द?" बाई बोलण्यास गेल्या आणि थांबल्या. बहुत वेळ त्यांस तो शब्द सापडला नाही. मग म्हणाल्या, "बसा. पाय पाहू." आणि डाव्या पायाची गेलेली बोटे पाहोन त्यांनी तोंड फिरविले, ते किती तरी वेळ तसेच.

मग सरकारने जोड्यांस दुसरे नाव दिले, ते कोणाचे तोंडी बसले नाही. सरहद्दीवर तारा आल्या, मग भिंती आल्या, आणि जाणेयेणे बंद जाहले. अर्विनराव कारखान्यात गादीवर बसले नाहीत. एका कोपऱ्यात बसोन थंडीने पाय गेलेल्या परत आलेल्या शिपायांस जोडे करीत, एकास एक, प्रत्येक पाय निराळा. कोणी विचारिले की हा कोणत्या घराण्याचा जोडा, तर म्हणत, पाय ज्याचा आहे त्याचा. पश्चिमेस लोथाररावांची दौलत वाढत गेली. जगातले धावपटू, नट, मुत्सद्दी त्यांचे जोडे घालीत. ऐसी तीन तपांहून अधिक वर्षे लोटली, आणि शके एकोणीसशे अकरा जाहले, आणि भिंत एके दिवशी लोकांनीच पाडली. मग लोथाररावांचे पुत्र पूर्वेस आले आणि सरकारपासोन जुना कारखाना विकत घेतला, आणि वर्षाचे आत बंद केला, कारण तसाच माल दूरदेशी स्वस्त होतो. बाया अंगणात उभ्या राहिल्या. लोथाररावही मुलांबरोबर आले होते, काठी टेकीत. हेडविगबाई त्यांस म्हणाल्या, "भावजी, इतकी वर्षे आम्ही आपले वैरी होतो तेच बरे होते. वैऱ्याची दखल घ्यावी लागते." अर्विनराव एकाकडोन दुसऱ्याकडे पाहत होते आणि कोणाचे काय बुडाले हे त्यांस उमगत नव्हते.

पुढे थोड्याच वर्षांत पुत्रांनी पश्चिमेकडील कारखानाही मोडला आणि नाव व बगळा समुद्रापलीकडच्या एका व्यापाऱ्यास विकला, ज्याने हायनेके कोण हे विचारिले देखील नाही. लोथाररावांची पत्नी वारली होती, पुत्र आपापले संसारी होते. हिवाळ्याचे आरंभी एके सकाळी ते भावाचे दारी आले. हाती एक पेटी होती. अर्विनरावांनी दार उघडले आणि म्हणाले, "किती दिवसांसाठी आलास?" लोथारराव म्हणाले, "ठाऊक नाही, दादा." अर्विनरावांनी मागे वळोन पत्नीकडे पाहिले. हेडविगबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी फळीवरोन तिसरे ताट काढिले आणि म्हणाल्या, "माळ्यावर गारठा आहे. भावजी खाली झोपतील. दार लावा, वारा येतो."

ऐसी हकीकत जाहली. नाव समुद्रापार गेले, धुराडी थंड जाहली, आणि हायनेके घराणे एका खोलीत बटाट्याचे सार जेवीत बसले. खरी गादी कोणती, ऐसे कोणी पुसल्यास बखरकाराने बहुत शोध केला, आणि त्यास कळले नाही. इति.