वैतागलेला माणूस खोटं बोलत नाही

नव्या क्लायंटला घेऊन मी आमच्या हेब्बाळच्या ऑफिसातल्या मीटिंगरूमचं दार उघडलं, तर आत गालिच्यावर निपाणीचे महादेवअण्णा डाव्या कुशीवर पडून मोबाईल बघत होते. "स्वल्प थांब रे," ते अर्धवट झोपेतल्यासारखे म्हणाले, "गिऱ्हाईक असंच पडून बघतंय म्हणं."

आमचं ॲप रोजच्या रक्तदाबाची नोंद ठेवतं. काही बिघडल्याची तक्रार आली की आमची प्रोग्रामर पोरं आपल्या फोनवर बघतात आणि "माझ्याकडे तर चालतंय" असं लिहून मोकळी होतात. मग त्या अनाथ तक्रारी अण्णांकडे येतात. अण्णा गिऱ्हाइकाला फोन लावतात. चहा कधी घेतला, पंखा चालू होता का, चष्मा लांबचा की जवळचा? मुलगी दाखवताना कोणी इतकी चौकशी करत नाही. मग अण्णा सगळं तसंच करून बघतात. एकदा कणकेच्या हातांनी फोन वापरला. फोन गेला, तक्रार राहिली.

"माणूस खोटं बोलंल," हे त्यांचं पालुपद, "वैतागलेला माणूस न्हाई बोलत."

मागे मला वरून हुकूम आला, शुक्रवारपर्यंत जुन्या तक्रारी बंद करा. एकीवर अण्णा अडून बसले. देवनहळ्ळीच्या एक निवृत्त शिक्षिका, अण्णा त्यांना अक्का म्हणत, लिहीत होत्या की आकडे टाकते आणि ते नाहीसे होतात. पोरांनी पुन्हा पुन्हा तपासलं होतं. मी म्हणालो, "अण्णा, भास असेल हो बाईंचा."

अण्णांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "चल, बसनं जाऊन येऊया."

अक्कांनी आम्हाला पडवीत बसवलं, कॉफी दिली आणि आमच्यासमोर फोनवर आकडे लिहिले. कन्नडमध्ये. आमच्या पोरांनी जन्मात इंग्रजीशिवाय आकडा टाकलेला नाही, त्यामुळे ॲपला हे आकडे वाटतच नव्हते. अण्णांनी समजावून सांगितल्यावर अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. आई आता विसरायला लागली, असं त्यांचा मुलगासुद्धा म्हणत होता.

परतीच्या बसमध्ये दुपार पेंगत होती. द्राक्षांचे मळे गेले, प्लॉटांचे दगड आले, वरून एक विमान सावकाश उतरत गेलं. अण्णा खिडकीकडे बघत बोलायला लागले.

"आमच्या हिला घरात पाणी वाहिल्यागत आवाज येतोय. प्लंबर बघून गेला, कानाचा डॉक्टर बघून झाला. कुणाला काय सापडलं न्हाई. मीबी एकदा म्हटलो, भास असंल तुझा. त्या दिवसापासनं तिनं सांगायचंच सोडलं बघ. दोन वर्सं झाली. रोज विचारतोय, रोज 'काय न्हाई' म्हणतीय."

सकाळचा माझा शब्द मला टोचला.

हेब्बाळचं तळं दिसायला लागलं तेव्हा अण्णांनी घरी फोन लावला. अक्कांची सगळी हकिगत सांगितली. "खरंच होतं बघ तिचं," ते म्हणाले, आणि शेवटी रोजचंच विचारलं, "आज येतोय काय गं आवाज?"

पलीकडून आज 'काय न्हाई' आलं नाही. मग अण्णांनी हळूच चष्मा काढला.

"कुठल्या बाजूनं?" त्यांनी विचारलं. "देवघराच्या? थांब, आलोच मी. पंखा बंद करून ठेव. दोघं मिळून ऐकूया."