दामूकाकांचा ओक

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकत असेल. चौथीनंतर शाळा सुटली, तेवढं पोटात घाला.

दामूकाका जेवायला बसले की आधी आमटीतला कढीपत्ता बोटांत धरून उजेडाकडे करायचे. "पान बघितल्याशिवाय झाडाला नाव देऊ नये, बाय!" मग घास.

काका संगमेश्वराकडचे सुतार, माझ्या माहेरच्या शेजारचे. इथे रियाधला अल सुलैच्या लाकडाच्या वखारीत कामाला. आमचे हे सांगलीचे, त्याच वखारीत ड्रायव्हर. शुक्रवारी काका आमच्याकडे जेवायचे. परदेशी ओकच्या फळ्यांत कधी वाळकं पान अडकून यायचं, ते खिशातून जपून आणायचे.

"पानाच्या कडेचे कान गोल, तो पांढरा ओक. कानाला काटा, तो तांबडा. खलास!"

ह्यांनी एकदा सुकलेला मुळ्याचा पाला पुढे केला. "आणि हा कुठला ओक, काका?"

"हा खायचा. तुम्हा घाटावरच्यांना दुसरं काय कळतंय!"

गेल्या वर्षी हे सुट्टीवरून परत निघाले तेव्हा गावाकडे काकूंनी काकांसाठी आठळ्या बांधून दिल्या. मी त्यांची भाजी केली, एक तेवढी काकांनी खिशात टाकली. त्याच पावसात काकू गेल्या. काकांचा इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, संपलेला; तो करून देणारा मालक, कफील, बाहेरगावी. जाणं झालंच नाही.

पुढे वखारीच्या दाराशी रंगाच्या डब्यात एक रोप दिसायला लागलं. पानं कातरलेली. "गठ्ठ्यात ओकचं बी सापडलं," काका सगळ्यांना सांगायचे. ऊन चढलं की त्याच्यावर आपला रुमाल ताणून बांधायचे.

वखारीतली पोरं चिडवायची, "काका, ह्याचं टेबल कधी करायचं?"

"यल्ला, कामाला लागा!"

एकदा मी डबा द्यायला गेले. रोपाचं एक पान मोडलं होतं आणि देठातून पांढरा चीक आला होता. कोवळ्या फणसाला अशी कातरलेली पानं येतात, हे कोकणातल्या बाईला कोण शिकवणार? मी काकांकडे बघितलं. ते रुमालाची गाठ सोडत बसले.

"फणस म्हटलं की विचारतात, कुणी पाठवला. ओकचं कुणी काही विचारत नाही, बाय."

गेल्या महिन्यात काका कायमचे गावी गेले. विमानात रोप नेता येईना. डबा माझ्या खिडकीत ठेवला. "ओक आहे हो. पाणी बेतानं."

काल नवं पान उघडलं. कातर नाही, अख्खं, तुकतुकीत. ह्यांनी वाकून बघितलं.

"अगं, हे तुझ्या माहेरच्या फणसासारखं दिसतंय!"

"ओक आहे," मी म्हटलं, आणि खिडकीला माझी ओढणी बांधली.