मिठाच्या पाण्यातला फासा

ठुबेसरांच्या ओट्यावर मिठाच्या पाण्याचा एक ग्लास कायम भरलेला असतो. त्यात एक फासा तरंगत असतो. नेहमीचा सहा बाजूंचा नाही, वीस बाजूंचा. येता-जाता सर त्याला बोटाने टिचकी मारतात आणि कुठला आकडा वर येतो ते बघतात. पुन्हा पुन्हा तोच आला, तर फासा एका बाजूला जड आहे असं समजून तो थेट कचऱ्यात. असे सात फासे त्यांनी फेकलेत. "खोटा फासा मला घरात नको," म्हणतात.

सुप्याच्या एमआयडीसीत आम्ही एकाच कारखान्यात आहोत. मी स्टोअर सांभाळते, ते क्वालिटीत आहेत. इतरांच्या खिशात पेन असतं तसा त्यांच्या खिशात मोजमापाचा व्हर्निअर. एकदा कॅन्टीनमध्ये त्यांनी चपातीची जाडी मोजली आणि आचाऱ्याला म्हणाले, "कडेला दीड, मध्ये अडीच. काहीतरी एक ठरवा." केसाएवढ्या फरकासाठी अख्खा लॉट परत पाठवतात. सुपरवायझर गयावया करतो, "सर, एवढं कोण बघतंय?" उत्तर ठरलेलं. "आकडा म्हणजे आकडा."

हा माणूस एके दिवशी स्टोअरच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, रविवारी तीन ते सहा रिकाम्या असता का? खेळायला एक गडी कमी पडतोय." मला वाटलं, पत्ते असतील. त्यांच्या घरी गेले, तर टेबलावर नकाशा, टोकदार पेन्सिली आणि पुठ्ठ्याचा एक तिहेरी पडदा. पडद्यामागे सर.

खेळ असा. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक माणूस व्हायचं. दरी आली की उडी मारायची का, ते आपण ठरवायचं. जमली का, ते फासा ठरवतो. शत्रूचा फासा सांगणारा टाकतो, पडद्याआड. त्याचा आकडा मोठा आला की वार आपल्याला लागला. मी वैद्य झाले. माझ्या झोळीत दोर, चकमक, मलमपट्टी असं सगळं यादीनुसार असतं. प्रेस शॉपमधला दत्तू औटी लढवय्या, आणि त्याची बायको मनीषा चेटकीण.

दत्तूचा लढवय्या सारखा मरायचा. कधी विहिरीत पडून, कधी दरोडेखोरांच्या हातून. "सर, एवढ्या बारीला सोडा की!" तो कळवळून म्हणायचा.

"आकडा म्हणजे आकडा, दत्तू."

"मरू द्या हो त्यास्नी," मनीषा म्हणायची. "तेवढीच घरात शांतता. लई बडबड करत्यात."

दत्तू खो खो हसायचा आणि दहा मिनिटांत नवा लढवय्या उभा करायचा.

आमच्याबरोबर आणखी एक पात्र चालायचं, सगुणा वाटाडी. ती कोणाचीच नव्हती. तिची माहिती लिहिलेला कागद सरांच्या हाताखाली असायचा, जुना, चार ठिकाणी चिकटपट्टी लावलेला, आणि अक्षर सरांचं नव्हतं. वर्षभरात सगुणा ना बुडाली, ना कड्यावरून पडली. मी स्टोअरवाली, जे कधीच संपत नाही, त्याचा मला संशय येतो.

सरांच्या पाठीमागे काचेचं शोकेस आहे. एका रविवारी उजेड असा काही पडला, की पडद्याआडचा फासा मला त्या काचेत दिसला. दरोडेखोराचा बाण दत्तूवर सुटला. काचेत अठरा. "अठरा," सर म्हणाले, आणि दत्तू मेला. दुसरा बाण सगुणावर. काचेत एकोणीस.

"तीन," सर म्हणाले. "बाण बाभळीत घुसला."

मला राग आला. खेळाचा नव्हे, चपाती मोजणाऱ्या माणसाचा. दत्तू-मनीषा गेल्यावर मी थांबले आणि सरळ विचारलं, "सर, ते एकोणीस होते ना?"

ते नाही म्हणाले नाहीत. पेन्सिली डबीत भरत राहिले.

"मग दत्तूनं काय घोडं मारलंय? नियम सगळ्यांना सारखा नको?"

"हवा," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

एवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. सहा वाजले होते. सर उभे राहून बोलले. "हं. बरा आहे. जेवतो वेळेवर." एका हाताने नकाशाची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग, "आहे, आहे. सगुणा आहे. आता डोंगर उतरतीये." आणि तिथून त्यांचा आवाज सुटला. दरोडेखोर, बाण, बाभूळ, सगळं सांगितलं त्यांनी. पलीकडून कुणीतरी हसल्याचं मला ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर म्हणाले, "शलाका. माझी मुलगी. हा खेळ तिनंच पुण्याच्या हॉस्टेलमधून आणला. सगुणा तिची."

शलाका आमच्याच कारखान्यात ट्रेनी होती, हे मला तेव्हा कळलं. मी नोकरीला लागायच्या आधीची गोष्ट. कायम व्हायला परीक्षेत साठ मार्क लागायचे. पेपर सरांनी तपासला. तिला एकोणसाठ पडले, आणि सरांनी एकोणसाठ लिहिले.

"ती भांडली नाही," सर म्हणाले. "बॅग भरली आणि तिकडे तमिळनाडूत होसूरला गेली. तिची आई असती, तर माझ्या हातातून पेन काढून घेतलं असतं. आता दर रविवारी फोन येतो. तब्येत विचारून झाली की आम्हाला बोलायला काही सुचत नाही. मग ती विचारते, सगुणा आहे का अजून." त्यांनी डबीचं झाकण लावलं. "सगुणा गेली, तर मग काय विचारणार?"

"तरीपण चूक ती चूक," मी म्हणाले आणि घरी आले. मी अशीच बोलते.

पुढच्या महिन्यात नगरला सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रविवारी ते काळा चष्मा लावून बसले होते. पडदा त्यांनी उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

"आजपासून शत्रूचा फासा तुम्ही टाका, मॅडम. मला काही दिसत नाही. आणि तुम्ही म्हणालात तेच बरोबर. नियम सगळ्यांना सारखा."

त्या दिवशी आम्ही उसातून चाललो होतो आणि सगुणा पुढे होती. सरांनी बिबट्या आणला. तो तिच्यावरच आणला, हे मी बघितलं. दत्तूवर आणता आला असता. सगुणा आधीच जखमी होती.

"दहाच्या वर आला तर ती संपली," सर म्हणाले. आवाज अगदी क्वालिटीतला. पण हात टेबलावर त्या कागदावर पालथा ठेवलेला.

मी फासा टाकला. मिठाच्या पाण्यात तपासलेला, कुठल्याच बाजूला जड नसलेला फासा. सतरा.

दत्तू खुर्चीवरून पुढं झुकला. "काय पडलं, मॅडम?"

"चार," मी म्हणाले.

"सगुणाबाई लई नशिबाची हाय बुवा!" दत्तूने मांडीवर थाप मारली. "आन आमी मरतो."

सरांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "नीट वाचलंत?"

"माझ्या स्टोअरचा आकडा कधी चुकलाय?"

सरांनी कागदावरचा हात उचलला.

सहाला फोन आला. दत्तू-मनीषा चपला घालत होते. आतून सरांचा आवाज येत होता, "अगं, बिबट्याच्या तोंडातून वाचली! नाही, नाही, फासा मी नाही टाकला. स्टोअरच्या मॅडमनी टाकला. फार कडक बाई आहे."

मी कप विसळून ठेवले. फासा ग्लासात सोडला. तो एक गिरकी घेऊन थांबला, आणि कुठला आकडा वर आला ते न बघता मी दिवा बंद केला.