सहा फलाटांवर ऐकू गेलेला रोग

रोग कोणता झाला यापेक्षा तो चारचौघांत सांगण्यासारखा आहे की नाही, याला समाजात फार महत्त्व असतं. या कसोटीवर बस स्थानकाचे निवेदक, ज्यांना सगळे माईकभाऊ म्हणत, निम्मे तरी उत्तीर्ण होते. त्यांना मधुमेह होता. "बिनसाखरेचा!" हे ते चहावाल्याला असं सांगत, की जणू नुकतीच पदवी मिळाली आहे. (गोळ्या मात्र आठवण झाली तर घेत.)

मग खोकला लागला. आधी तो घोषणांच्या मध्ये यायचा, पुढे घोषणा खोकल्याच्या मध्ये येऊ लागल्या. प्रवासी सरावले. एकदा खोकले तर गाडी लागली, दोनदा तर उशीर, तीनदा तर रद्द. स्थानकप्रमुखांनी याची नोंद 'सेवेतील सुधारणा' या सदरात केली.

हॉर्नचा आवाज माईकमध्ये शिरू नये म्हणून निवेदन कक्षाच्या खिडक्या कायमच्या बंद होत्या. आत दोनच माणसं: माईकभाऊ आणि चौकशीच्या बाई. हवेचं वाटप अगदी न्याय्य होतं. एकानं सोडलेली दुसऱ्यानं घ्यायची.

चार महिन्यांत माईकभाऊंनी तीन डॉक्टर, एक वैद्य आणि खोकल्याच्या अकरा बाटल्या संपवल्या. औषधं गोड होती. त्यामुळे खोकला होता तिथेच राहिला आणि साखर चढली. वजन नऊ किलोंनी उतरलं तेव्हा ओळखीचे म्हणाले, "वा, डाएट मानवलंय!" बायकोच्या बांगड्या गहाण पडल्यावर ते सरकारी दवाखान्यात गेले. तिथे थुंकीची तपासणी फुकट होती. (फुकट असल्यामुळेच तिचा नंबर शेवटी लागला होता.)

"टीबी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साखर वाढलेल्या माणसाला तो लवकर गाठतो. सहा महिने गोळ्या, त्याही फुकट. साखर आटोक्यात ठेवा. आणि शेजारी बसणाऱ्यांना तपासणीला पाठवा."

पहिल्या दोन गोष्टी माईकभाऊंनी ऐकल्या. तिसरीपाशी जीभ अडली. दिवसाला अडीचशे गाड्या पुकारणाऱ्या माणसाला दोन अक्षरं म्हणवेनात. रजेच्या अर्जात त्यांनी 'मधुमेहामुळे अशक्तपणा' असं लिहिलं. तो वाचून चौकशीच्या बाईंनी हळहळून मान हलवली, आणि त्या खोकल्या.

तो खोकला रजाभर माईकभाऊंच्या कानात राहिला. आज सांगू, उद्या सांगू करत ते कामावर परतले. पहिलीच घोषणा केली, माईक बंद करायला विसरले आणि बायकोचा फोन स्पीकरवर घेतला.

"अहो, टीबीची गोळी घेतलीत ना? आणि त्या बाईंना सांगितलंत की नाही अजून?"

बारा कर्णे, सहा फलाट. स्थानकाच्या इतिहासात प्रथमच एक घोषणा शब्दन् शब्द ऐकू आली. समोरच्या बाकांवरची सतरा माणसं चौदा सेकंदांत उठली. (गाडी लागल्यावर हीच माणसं चार मिनिटं घेतात.)

बाई उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दादा, माझा नातू माझ्या मांडीवर बसून जेवतो."

"बाई, माझं तोंडच उघडेना हो."

"दिवसभर दुसरं काय उघडं असतं तुमचं?"

एवढं बोलून त्यांनी रंगानं चिकटलेल्या खिडकीला खांदा लावला. तिसऱ्या धक्क्याला ती उघडली.

बाईंनाही टीबी निघाला, नातू वाचला. आठ दिवस त्या माईकभाऊंशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे आदळून म्हणाल्या, "घ्या गोळी. मी माझी घेतली." माईकभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याची नोंद कुठल्याच सदरात झाली नाही.

त्या आठवड्यात चौकशीच्या बाईंना गाड्यांपेक्षा दवाखान्याचाच पत्ता जास्त विचारला गेला. एकाला तो मेहुण्यासाठी हवा होता, एकाला भाडेकरूसाठी, एकाला साहेबांसाठी. तिघेही रुमालात खोकत होते. स्वतःसाठी पत्ता मागणारा अद्याप एकही आलेला नाही. तुम्हालाही हे वाचताना एव्हाना कोणीतरी आठवलं असेलच, ज्याला हे ताबडतोब वाचायला द्यायला हवं.